सरड्याचे रंग : दिसणारे आणि दडलेले

सरडा म्हटला की आपल्याला त्याचं रंग बदलणं आठवतं. शब्द फिरवणाऱ्या माणसाला आपण सरड्याची उपमा देतो आणि मोकळे होतो. आज मात्र मी सरड्याच्या न बदलणाऱ्या रंगाविषयी बोलणार आहे. हा रंग तो आईबापांकडून घेऊन येतो आणि पुढे आपल्या पिल्लांना देतो. कधी उघडपणे देतो, तर कधी कुणाला पत्ता न लागू देता.

अनुवंशशास्त्र शिकवताना मी वर्षानुवर्षं मेंडेलच्या वाटाण्यांवर भागवलं. हल्ली मुलं येतात, मोबाइलवर पिवळ्या-केशरी सरड्याचा फोटो दाखवतात आणि विचारतात, “सर, हा नर आणि ही मादी. पिल्लं कुठल्या रंगाची होतील?” प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर नीट समजून घेतलं नाही, तर त्याची किंमत मुक्या जीवाला मोजावी लागते. म्हणून आज जरा सविस्तर.

हा सरडा म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन, दाढीवाला सरडा. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या कोरड्या प्रदेशातला. शेपटीसकट दीड ते दोन फूट लांब, अंगानं चपटा आणि गळ्याखाली काट्यांची झालर. चिडला किंवा दुसऱ्या नरासमोर आला की ही झालर फुगवतो आणि ती काळी पडते. तीच त्याची दाढी. आपल्या कुंपणावर मान हलवत बसणारा सरडा आणि हा ऑस्ट्रेलियन सरडा एकाच कुळातले. आपल्याकडचा नर विणीच्या दिवसांत गळ्याशी लालभडक होतो, हे आपण पाहिलेलं असतंच.

ऑस्ट्रेलियात आपल्या वन्यप्राण्यांच्या व्यापारी निर्यातीवर बंदी आहे. त्यामुळे इतर देशांत जे दाढीवाले सरडे पाळले जातात, ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. रानातून नवं रक्त सहसा येत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचं काम पडणार आहे.

आधी रंग येतो कुठून ते पाहू. सरड्याची कातडी म्हणजे एकावर एक अंथरलेल्या पातळ चादरी समजा. वरच्या थरात पिवळ्या आणि तांबड्या रंगाच्या पेशी. त्याखालच्या थरातल्या पेशींत रंग नसतो, बारीक स्फटिक असतात. ते आरशासारखा प्रकाश परतवतात. सगळ्यात खाली काळ्या-तपकिरी रंगाच्या, म्हणजे मेलॅनिनच्या पेशी. या तीन थरांतून मिळून जो प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत येतो, तो त्या सरड्याचा रंग. सकाळी अंग गार असतं तेव्हा काळ्या पेशींतला रंग पसरतो, सरडा गडद होतो आणि ऊन जास्त शोषून घेतो. अंग तापलं की तोच रंग आक्रसतो आणि सरडा उजळतो. हे झालं रोजचं रंग बदलणं. पण त्या पेशींत रंग मुळात किती तयार व्हायचा, स्फटिकांचा थर दाट की विरळ, हे ठरवतात जनुकं. आणि जनुकं सकाळ-संध्याकाळ बदलत नाहीत.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक बापाकडून. पुष्कळदा असं होतं, की एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत काम निभावून नेते. बाहेरून काहीच कळत नाही. अशा दडून राहणाऱ्या गुणाला आपण अप्रभावी म्हणतो. दोन्ही प्रती तशाच आल्या तरच तो प्रकट होतो. मेंडेलनं १८६६ साली वाटाण्याच्या आधारे मांडलेला नियम हाच.

दाढीवाल्या सरड्यात याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे पाळणारे ज्याला ‘हायपो’ म्हणतात तो प्रकार. यात काळा रंग कमी पडतो. अंगावरच्या गडद खुणा फिकट होतात, पिवळा-केशरी उठून दिसतो आणि एरवी काळसर असणारी नखं पारदर्शक होतात. दुसरं उदाहरण ‘ट्रान्स’. यात कातडीतला प्रकाश परतवणारा थर कमी पडतो, म्हणून कातडी अर्धपारदर्शक वाटते, पिल्लाचं पोट निळसर दिसतं आणि डोळे पुष्कळदा पूर्ण काळे असतात. दक्षिण आफ्रिकेत पुढे आलेला ‘विटब्लिट्स’ तिसरा. तिकडच्या घरगुती पांढऱ्या दारूचं नाव या सरड्याला दिलंय, कारण त्याच्या अंगावर नक्षीच नसते, नुसता फिका रंग. हे तिन्ही प्रकार अप्रभावी आहेत.

आता गणित. एक हायपो नर आणि एक साधी मादी, जिच्यात हा गुण अजिबात नाही, अशी जोडी लावली. पिल्लं सगळी साधी दिसतील. हौशी माणूस निराश होतो. पण प्रत्येक पिल्लाला बापाकडून एक हायपो प्रत मिळालेलीच आहे. अशा पिल्लाला पाळणाऱ्यांच्या भाषेत ‘हेट’ म्हणतात; आपण त्याला वाहक म्हणू. हे वाहक असणं शंभर टक्के पक्कं आहे. आता दोन वाहकांची जोडी लावली, तर चारांत सरासरी एक पिल्लू हायपो निघेल, दोन वाहक आणि एक पूर्ण साधं. गोम इथंच आहे. हायपो पिल्लू ओळखू येतं. उरलेली तीन दिसायला सारखी, पण त्यांतली दोन वाहक आणि एक नाही. कुठली दोन, ते बघून कोणीही सांगू शकत नाही. म्हणून अशी पिल्लं विकताना ‘सहासष्ट टक्के हेट’ असं लिहितात. घेणाऱ्याला वाटतं, या पिल्लात सहासष्ट टक्के गुण आहे. तसं नव्हे. पिल्लू एक तर वाहक आहे किंवा नाही. सहासष्ट टक्के ही आपल्या अंदाजाची खात्री आहे, पिल्लाच्या अंगातला रंग नव्हे.

खात्री करायची असेल तर एक जुना, शहाणा मार्ग आहे. ज्याच्याबद्दल शंका आहे त्या सरड्याची जोडी उघडपणे हायपो असलेल्या सरड्याशी लावायची. तो वाहक असेल तर निम्मी पिल्लं हायपो निघायला हवीत. एक जरी निघालं तरी निकाल लागला. आणि दहाच्या दहा साधी निघाली तर? वाहक असूनही असं घडण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. नाणं दहा वेळा उडवून दहाही वेळा छापा पडावा, तसं. तेव्हा तो वाहक नाही असं मानायला हरकत नाही.

‘सरासरी’ हा शब्दही जपून घ्यायला हवा. मादी एका वेळी साधारण पंधरा ते तीस अंडी घालते. वीस पिल्लांत पाच हायपो ही अपेक्षा झाली. प्रत्यक्षात दोन निघतील किंवा आठ. प्रत्येक अंड्याचा फासा वेगळा पडतो. आधीच्या अंड्यात काय झालं ते पुढच्या अंड्याला ठाऊक नसतं. दोन गुण एकत्र हवे असले, म्हणजे हायपोही आणि ट्रान्सही, तर दोन्ही गुणांच्या वाहकांच्या जोडीतून सोळांत एक पिल्लू तसं निघतं. वीस अंड्यांत एक तरी निघेलच असं वाटतं. पण हिशेब केला तर अशा शंभर खेपांपैकी सुमारे सत्तावीस खेपांत एकही निघणार नाही. मग माणूस दुसरी खेप घेतो, तिसरी घेतो. मादी एका हंगामात अनेक वेळा अंडी घालू शकते. सगळी जगली तर तीन खेपांत साठ पिल्लं होतात. त्यांतली हवी ती तीन-चार. बाकीची पन्नासहून अधिक, दहा वर्षांच्या आसपास जगणारी, मोठी झाल्यावर स्वतंत्र पेटी, ऊब देणारा दिवा आणि अतिनील प्रकाश मागणारी. त्यांचं काय करायचं, याचा विचार जोडी लावण्याच्या आधी व्हायला हवा.

सगळे रंग मात्र इतक्या सरळ हिशेबात बसत नाहीत. लालभडक किंवा लिंबासारखा पिवळा सरडा पाहून लोक विचारतात, लाल रंगाचं जनुक कुठलं? असं एकच जनुक नसतं. माणसाच्या उंचीसारखंच हे. अनेक जनुकं थोडा थोडा वाटा उचलतात. लाल आणि साध्या सरड्याची पिल्लं चारांत एक अशा प्रमाणात वाटली जात नाहीत. बहुतेक मधल्या छटांची निघतात, काही जास्त लालसर, काही कमी. दर पिढीत सर्वांत लाल पिल्लं निवडत गेलं की लाली हळूहळू वाढते. शेतकरी टपोऱ्या दाण्याचं बियाणं राखून ठेवतो, तशातली ही रीत. शिवाय अंड्यातून निघालेलं पिल्लू मळकट असतं, खरा रंग काही महिन्यांत भरतो. आहारातून येणारी रंगद्रव्यं, उजेड आणि प्रकृती यांचाही त्यात हात असतो. बाजारात यांना रत्नांची, फळांची, सूर्यास्ताची नावं देतात. नाव देणाऱ्याचं कौतुक करावं. पण नाव म्हणजे जनुक नव्हे. एकाच नावाचे दोन सरडे अनुवंशानं अगदी वेगळे असू शकतात.

जनुकांवर परिस्थितीची कुरघोडी किती होऊ शकते, याचं याच सरड्यातलं एक उदाहरण सांगतो. ते रंगाचं नाही, लिंगाचं आहे. माणसात नर-मादी ठरतं एक्स आणि वाय गुणसूत्रांवरून. या सरड्यात झेड आणि डब्ल्यू. दोन झेड असले की नर, एक झेड एक डब्ल्यू असली की मादी. पण अंडी ३२ अंश सेल्सिअसच्या वर उबवली, तर दोन झेड असलेली, म्हणजे नर व्हायची पिल्लंही मादी होऊ लागतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे २००७ साली प्रयोगात दाखवलं आणि २०१५ साली रानातल्या सरड्यांतही हे घडत असल्याचं सिद्ध केलं. अशा माद्या अंडी घालतात, त्यातून पिल्लंही होतात. पण त्या पिल्लांत डब्ल्यू गुणसूत्र नसतंच. त्यांचं लिंग फक्त तापमान ठरवतं. म्हणजे मादी ‘दिसते’ आणि गुणसूत्रं मात्र नराची. म्हणून वहीत जोडीच्या नोंदीशेजारी उबवणीचं तापमानही लिहून ठेवावं.

आता या विषयातल्या नाजूक भागाकडे येतो. आपल्या अंगणातली गुलबक्षी आठवा. तांबड्या फुलांच्या आणि पांढऱ्या फुलांच्या गुलबक्षीचा संकर केला की गुलाबी फुलं येतात. इथं कोणी दडून बसत नाही. एक प्रत असली की अर्धा परिणाम, दोन असल्या की पूर्ण. याला अपूर्ण प्रभाविता म्हणतात. सरड्यात ‘लेदरबॅक’ नावाचा प्रकार असाच आहे. तो इटलीत पुढे आला. याच्या पाठीवरचे खवले लहान आणि मऊ असतात, काटेरीपणा जातो. खवल्यांचा खडबडीतपणा गेला की खालचा रंग उजळ दिसतो. म्हणूनच रंगाच्या हौशी लोकांना तो हवा असतो. लेदरबॅकमध्ये या जनुकाची बदललेली प्रत एकच असते.

दोन लेदरबॅकांची जोडी लावली तर? गुलबक्षीचाच हिशेब. चारांत दोन लेदरबॅक, एक साधा आणि एक असा, ज्याच्याकडे बदललेल्या दोन्ही प्रती आहेत. त्याला ‘सिल्कबॅक’ म्हणतात. रेशमी पाठीचा. नाव सुंदर आहे. त्याच्या अंगावर जवळजवळ खवलेच नसतात आणि रंग फारच तेजस्वी दिसतो. पण सरड्याला खवले शोभेसाठी दिलेले नाहीत. ते त्याचं चिलखत आहे आणि अंगातलं पाणी अंगातच ठेवणारं झाकणही. सिल्कबॅकची कातडी कोरडी पडते, सहज ओरखडते, कात नीट सुटत नाही, उन्हाच्या दिव्याखाली तिला जपावं लागतं. समागमाच्या वेळी नर मादीच्या मानेला चावून धरतो; खवले नसलेल्या मादीला त्यानं खोल जखमा होतात. कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली मोजून दाखवलं, की खवले कमी झालेल्या या सरड्यांच्या अंगातून पाणी अधिक वेगानं उडून जातं.

या खवल्यांमागचं जनुकही सापडलं आहे. जिनिव्हा विद्यापीठातले निकोलस दि-पोई आणि मिशेल मिलिंकोविच यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, बिनखवल्यांच्या दाढीवाल्या सरड्यात ईडीए नावाच्या जनुकात बिघाड असतो. हेच जनुक सस्तन प्राण्यांत केस, दात आणि घामाच्या ग्रंथी घडवायला लागतं. माणसात ते बिघडलं की केस विरळ, दात मोजके आणि घाम जवळजवळ नाही अशी अवस्था होते. चार्ल्स डार्विननं आपल्या ग्रंथाच्या १८७५ सालच्या आवृत्तीत सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे. त्या घरात चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात होते, अंगावर केस नाममात्र होते आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून त्यांचे हाल होत. मुलींना त्रास नव्हता, पण मुलींच्या पोटी तो पुढे जात होता. आजचे तज्ज्ञ ती नोंद याच विकाराची मानतात. सिंधमधला माणूस आणि ऑस्ट्रेलियातला सरडा यांच्यात सामायिक असलेलं हे जनुक. माणसात त्याला आपण आजार म्हणतो आणि सरड्यात मात्र त्याला रेशमी नाव देऊन किंमत लावतो.

आणि याची गरजही नाही. लेदरबॅक हवाच असेल तर त्याची जोडी साध्या सरड्याशी लावावी. निम्मी पिल्लं लेदरबॅक, निम्मी साधी. सिल्कबॅक एकही नाही. दोन लेदरबॅकांच्या जोडीतूनही लेदरबॅक निम्मेच मिळतात. म्हणजे फायदा शून्य आणि दर चारांत एक जीव जन्मभर सोसणारा. अनुवंशाचं गणित इतकं स्पष्ट उत्तर देतं, असं क्वचितच होतं.

आता सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. बंद पेटीत नवं रक्त येत नसलं आणि एखादा अप्रभावी रंग लवकर हवा असला, की माणूस बहीण-भाऊ किंवा बाप-लेक यांची जोडी लावतो. आपल्या देशात याची मोठी गोष्ट घडली आहे. १९५१ साली रेवाचे महाराज मार्तंड सिंह यांनी पांढऱ्या वाघाचं एक पिल्लू पकडलं. त्याचं नाव मोहन. साध्या रंगाच्या बेगम नावाच्या वाघिणीपासून त्याला पिल्लं झाली, ती सगळी पिवळीच. अप्रभावी गुण दडून बसला होता. मग मोहनची जोडी त्याच्याच लेकीशी, राधाशी लावली. १९५८ साली चार पिल्लं झाली, चारही पांढरी. गणितानं निम्मी अपेक्षित होती. चारही पांढरी निघण्याची शक्यता सोळांत एक, आणि ती साधली. पुढे पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यातच जोड्या लावल्या गेल्या. पांढरा रंग एका जनुकातल्या एका लहानशा बदलानं येतो, हे २०१३ साली चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं. रानात हा रंग अधूनमधून आपोआप उमटत असे, त्यासाठी नात्यातल्या जोड्या लावाव्या लागत नव्हत्या. पण पिंजऱ्यात रंग पक्का करण्याच्या नादात त्याच्याबरोबर इतर दडलेले दोषही दुहेरी होऊन वर आले. तिरळे डोळे तर पांढऱ्या वाघाची जणू ओळखच झाली.

दडलेला गुण वर आणणारी युक्ती दडलेला दोषही वर आणते. चाळणी एकच आहे. ती रंग आणि रोग असा भेद करत नाही. सरड्याच्या बाबतीतही हाच धोका आहे. म्हणून जोडी लावताना नात्याबाहेरचा, निरोगी, भलेही रंगानं साधा असलेला सरडा निवडावा. एक पिढी जास्त लागेल, पण पिल्लं सशक्त होतील.

ज्यांना हा छंद करायचाच आहे, त्यांना मी चार गोष्टी सांगतो. पहिली, वही ठेवा. आईबाप कोण, त्यांचे आईबाप कोण, किती अंडी, किती जगली, कुठल्या रंगाची निघाली, सगळं तारखेनिशी. दुसरी, घेताना पिल्लापेक्षा त्याच्या आईबापांची नोंद मागा. नोंद नसेल तर ‘हेट’ या शब्दाला काही किंमत देऊ नका. तिसरी, दोन लेदरबॅक एकत्र आणू नका. चौथी, मनासारख्या रंगाचं एक पिल्लू मिळवण्यासाठी जी साधी पिल्लं जन्माला येतील, त्यांना सांभाळण्याची तयारी असेल तेवढीच अंडी उबवा.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण म्हणतो. पाळलेल्या सरड्याचं कुंपण आपणच घातलेलं असतं. त्याच्या पिल्लांना कुठला रंग मिळणार एवढंच नव्हे, तर अंगावर खवले असणार की नाही, हेही त्या कुंपणाच्या आत आपणच ठरवत असतो. ज्याच्या वतीनं निर्णय घ्यायचा, तो स्वतः बोलू शकत नाही. तेव्हा दोन प्रतींचा हा हिशेब त्याच्या बाजूनं आपणच करायला हवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)